चार-पाच कॅलिबरचं रिलोडिंग सामान: कसं लावायचं, कुठे काय लिहायचं

रिलोडिंग म्हणजे उडवलेल्या काडतुसाची केस (पितळी कवच) नवा प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी), पावडर आणि बुलेट घालून घरी पुन्हा भरणं. एकाच कॅलिबरची (मापाची) काडतुसं भरत असाल तर सामान कसंही ठेवलं तरी निभून जातं, कारण टेबलावर जे काही पडलंय ते त्याच कॅलिबरचं असणार. खरा घोळ दुसरं कॅलिबर आलं की सुरू होतो आणि तिसरं-चौथं आलं की तो धोक्याचा होतो, कारण ह्या छंदात एकमेकांसारख्या दिसणाऱ्या वस्तू फार आहेत. दोन डाय (केसला आकार देणारे किंवा बुलेट बसवणारे, प्रेस म्हणजे दाबयंत्रात लावायचे साचे) शेजारी ठेवल्या तर लांबून सारख्याच, शेल होल्डर (प्रेसमध्ये केसचं बूड धरणारे तुकडे) सारखेच, काळ्या-करड्या पावडरी सारख्याच आणि चुकीची उचलली तरी बऱ्याच वेळा ती बसतेसुद्धा, म्हणजे चूक लगेच कळतच नाही.

आधी एक गोष्ट. घरी काडतुसं भरायला परवानगी आहे का, परवाना लागतो का, पावडर आणि प्रायमर किती ठेवता येतात, हे प्रत्येक देशात वेगळं आहे आणि काही ठिकाणी खाजगी माणसाला हे करताच येत नाही. ते नीट बघा, कागद हातात येऊ द्या, खाली जे लिहिलंय ते सगळं त्यानंतरचं.

आता मुद्द्यावर येतो. लेबल लावायचं म्हटलं की लोक वस्तूचं नाव लिहितात, डब्यावर “.३०८” लिहिलं की झालं काम. पण नावाने अर्धंच काम होतं. त्या डब्यातल्या केस नुसत्या धुतलेल्या आहेत, साइझ केलेल्या (डायमध्ये दाबून परत मापावर आणलेल्या) आहेत, का प्रायमर बसवून ठेवलाय? सीटिंग डाय (बुलेट बसवणारी) नेमकी कुठल्या बुलेटसाठी सेट केलीय? हॉपरमध्ये (पावडर मापून टाकणाऱ्या यंत्राच्या टाकीत) आत्ता काय आहे? म्हणजे वस्तू काय आहे ह्याच्या जोडीला ती आत्ता कुठल्या अवस्थेत आहे हे लेबलने सांगितलं पाहिजे. माझं स्पष्ट मत आहे की अपघात कपाटात नीट लावलेल्या सामानातून कमी आणि अर्धवट सोडलेल्या कामातून जास्त होतात, त्यामुळे लेबलं पण अर्धवट कामाला धरूनच आखायची.

नावं ठरवून घ्या

एका काडतुसाला तुमच्याकडे एकच नाव पाहिजे. ९ एमएम लुगर, ९ एमएम पॅराबेलम आणि ९×१९ हे तिन्ही एकच, पण ९ एमएम कुर्झ म्हणजे .३८० एसीपी हे वेगळं काडतूस आहे, ९×१८ माकारोव आणखी वेगळं आणि त्याची बुलेटसुद्धा जाडीला मोठी. त्यामुळे नुसतं “९ एमएम” असं कुठेही लिहू नका. बंदुकीच्या नळीवर, केसच्या बुडावर आणि डायवर जे पूर्ण नाव आहे ते बघून एक नाव ठरवा आणि सगळीकडे अक्षर न अक्षर तेच लिहा. “.४५” असंही नको, .४५ एसीपी आणि .४५ कोल्ट ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नावाच्या खाली बुलेटचा व्यास लिहायचा, इंचात. हे का, तर बुलेट काडतुसाच्या नावाने विकत घेतल्या जात नाहीत, व्यासाने घेतल्या जातात. .३०८ इंची बुलेट .३०८ विंचेस्टरला लागते, .३०-०६ ला लागते आणि .३०० ब्लॅकआउटलाही लागते. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम दोघांनाही .३५७ इंची जॅकेटवाली बुलेट चालते, .३८ हे नाव बघून फसायचं नाही, आणि ९ एमएम लुगरची आहे .३५५, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात दोनचा फरक, तो डोळ्यांना दिसणार नाही. म्हणून बुलेटचा कप्पा वेगळा ठेवा आणि तो व्यास आणि वजनाने लावा, बाकी सगळं सामान काडतुसाच्या नावाने.

आकड्यांबद्दल आपल्या लोकांनी विशेष सांभाळायचं. वहीत आणि लेबलवर मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळू नका. घाईत लिहिलेला मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी ४ सरळ सरळ इंग्रजी आठसारखा, आणि इथे आकडा म्हणजे पावडरचं वजन आहे. लोड मॅन्युअल (कशाला किती पावडर ते सांगणारं पुस्तक), तराजू, डाय, कॅलिपर सगळीकडे इंग्रजी आकडे असतात म्हणून लेबलवर आणि वहीतही तेच वापरा, शब्द मराठीत लिहा हवे तर. दशांश चिन्हाच्या आधी शून्य टाकायचं, टिंब पुसलं गेलं तर निदान शून्य बघून शंका येते. आणि ग्रेन (पावडर ज्यात मोजतात ते वजनाचं एकक) हा शब्द पूर्ण लिहायचा, “ग्रे” आणि “ग्रॅ” मध्ये एका चंद्रकोरीचा फरक राहतो आणि १ ग्रॅम म्हणजे साधारण १५.४ ग्रेन होतात. डिजिटल तराजू असेल तर त्याच्यावरच एक पट्टी चिकटवा, “ग्रेनवर आहे का बघ”, कारण एका बटणावर ते एकक बदलतं.

रंग

प्रत्येक काडतुसाला एक रंग द्या आणि तो त्याच्या सगळ्या सामानावर लावा, डायचा डबा, शेल होल्डर, केसची बरणी, लोडिंग ब्लॉक (केस उभ्या ठेवायचा भोकांचा ठोकळा), वहीचं पान. रंग चालतो ह्याचं चांगलं उदाहरण शॉटगनचं आहे. २० गेजचं बारीक काडतूस १२ गेजच्या नळीत पुढे सरकून अडकतं आणि मागून १२ चं घातलं तर नळी फुटते, म्हणून २० गेजच्या काडतुसांसाठी पिवळा रंग राखून ठेवलेला आहे. तुम्ही शॉटगनचंही भरत असाल तर तुमच्याकडेही पिवळा २० गेजलाच द्या, दुसऱ्या कशाला देऊ नका.

रंग वाटताना ज्या दोन काडतुसांची गल्लत होऊ शकते त्यांना एकमेकांपासून अगदी लांबचे रंग द्यायचे. सगळ्यात वाईट जोडी .२२३ रेमिंग्टन आणि .३०० ब्लॅकआउट. दोघांचं बूड सारखं, शेल होल्डर तोच, मॅगझीन तेच, लोक .२२३ च्याच केस कापून .३०० ब्लॅकआउटच्या बनवतात, आणि .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलमध्ये काही बुलेट असताना बसून बोल्टसुद्धा बंद होऊ शकतो, मग .३०८ इंची बुलेट .२२४ च्या नळीतून जायला बघते आणि रायफल फुटते. ह्या दोघांचं सामान एका फळीवरही नको. आणि फक्त रंगावर राहू नका, पिवळ्या बल्बखाली नारिंगी आणि लाल सारखे दिसतात, काहींना लाल-हिरवा ओळखू येत नाही, त्यामुळे रंग असला तरी शेजारी अक्षर हवंच.

डाय आणि शेल होल्डर

डायच्या डब्याला लेबल झाकणावर लावू नका, समोरच्या अरुंद बाजूला लावा, कारण डबे एकावर एक रचले जातात आणि झाकण दिसत नाही. आत झाकणाच्या खालच्या बाजूला एक कार्ड चिकटवा. कार्डावर पहिली ओळ शेल होल्डरची, आणि नंबरबरोबर कंपनीचं नाव लिहिलंच पाहिजे कारण प्रत्येक कंपनीचे नंबर आपापले आहेत. .३०८ विंचेस्टरला आरसीबीएसचा ३ नंबर, लीचा २ नंबर आणि हॉर्नडीचा १ नंबर लागतो, .२२३ ला तेच आरसीबीएस १०, ली ४, हॉर्नडी १६. नुसता “नंबर ३” लिहून ठेवला आणि वर्षभराने दुसऱ्या कंपनीचा घेतला की बसत नाही. एकच शेल होल्डर तीन काडतुसांना चालत असेल तरी प्रत्येक डब्यात स्वतंत्र एक ठेवा असं मी म्हणेन, एक डबा उचलला की त्या कॅलिबरचं सगळं हातात आलं पाहिजे, दुसरा डबा उघडायची वेळच येऊ नये.

डायवर कंपनी नाव कोरते पण इतकं बारीक की तेल लागल्यावर वाचायला भिंग लागेल. लॉक रिंगवर (डाय जागेवर पक्की करणारी कडी) पेंट मार्करने काडतुसाच्या रंगाचा ठिपका द्या आणि कामाच्या क्रमाने १, २, ३ लिहा, साइझिंग, मग तोंड उघडणारी, मग सीटिंग, आणि क्रिम्प (केसचं तोंड बुलेटवर आवळणं) वेगळा असेल तर ४. सरळ भिंतीच्या पिस्तुलाच्या केसना असा तीन डायचा सेट असतो, मान असलेल्या रायफलच्या केसना बहुतेक दोनचाच. साध्या परमनंट मार्करने लिहू नका, सॉल्व्हेंटने एका पुसण्यात जातं. कोरायचं असेल तर लॉक रिंगवरच, डायच्या आट्यांना हात लावायचा नाही.

कार्डावर दुसरी ओळ ल्यूबची, म्हणजे वंगणाची. कार्बाइड साइझिंग डाय असेल तर “ल्यूब नको”, स्टीलची असेल तर “ल्यूब लाव” हे ठळक लिहा, कोरडी केस स्टीलच्या डायमध्ये घातली की ती अशी रुतते की काढायला वेगळं हत्यार लागतं. मान असलेल्या रायफलच्या केस म्हटल्या की ल्यूब धरूनच चाला. त्याच कार्डावर केसची कमाल लांबी आणि कापायची लांबी लिहून टाका म्हणजे दर वेळी पुस्तक उघडायला नको, .२२३ ला १.७६० आणि १.७५०, .३०८ विंचेस्टरला २.०१५ आणि २.००५, .३०-०६ ला २.४९४ आणि २.४८४ इंच.

डब्यात डायबरोबर तिची अॅलन चावी, डीकॅपिंग पिनचा (जुना प्रायमर बाहेर ढकलणारी सुई) एक जादा नग आणि एक डमी काडतूस ठेवा. डमी म्हणजे पावडर नाही, प्रायमर नाही, फक्त साइझ केलेली केस आणि ठरलेल्या खोलीवर बसवलेली बुलेट. पुढच्या वेळी सीटिंग डाय सेट करताना हे डमी शेल होल्डरमध्ये घालायचं, रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा दांडा) वर न्यायचा, डाय त्याच्यावर टेकवायची आणि मग पहिलं काडतूस कॅलिपरने मोजून बघायचं. डमीच्या केसला बुलेट बसवण्याआधीच बाजूला आरपार भोक पाडून घ्या, म्हणजे कोणालाही कळतं की हे खरं नाही, आणि त्याला बुलेटचं नाव-वजन लिहिलेली चिठ्ठी बांधा. एकाच कॅलिबरमध्ये दोन बुलेट वापरत असाल तर दोन डमी, आणि सीटिंग डाय आत्ता कुठल्यावर सेट आहे ते कार्डावर पेन्सिलीने, पेन्सिलीनेच, कारण ते बदलणार आहे.

टरेट किंवा प्रोग्रेसिव्ह प्रेस (ज्यात अनेक डाय एकदम लावलेल्या असतात) असेल तर काम सोपं होतं, प्रत्येक कॅलिबरची डायसकट प्लेट किंवा टूलहेड वेगळी ठेवायची आणि तिच्या कपाळावर लेबल. जपायचे ते बारीक भाग, शेल प्लेट, लोकेटर पिन, पावडर फनेल, हे सगळं झिपच्या पिशवीत घालून पिशवीवर नाव आणि पिशवी डब्यात. प्रायमरचा स्मॉल का लार्ज हे टूलहेडवरच लिहा, तो भाग बदलायचा राहून जातो.

केस

इथे अवस्था लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक लॉटबरोबर एक कार्ड फिरवायचं, केस जिथे जातील तिथे कार्ड जाईल, बरणीत बरणीत, टंबलरला (केस साफ करणाऱ्या यंत्राला) गेल्या तर टंबलरच्या झाकणावर. कार्डावर काडतुसाचं नाव, केसची कंपनी, किती वेळा उडवलीय, आणि खाली रकाने: जुना प्रायमर काढला, धुतली, साइझ केली, कापली, नवा प्रायमर बसवला. एकेक झालं की खूण. उठायची वेळ आली तर जिथे आहात तिथली खूण करूनच उठायचं, कोणी हाक मारली तरी आधी खूण.

प्रायमर बसवलेली केस फसवी असते. ती रिकामी दिसते पण रिकामी नाही, आणि कोणीतरी ती पुन्हा साइझ करायला घेतली तर डीकॅपिंग पिन जिवंत प्रायमरवर जाते. त्या वेगळ्या डब्यात, लाल पट्टी आणि “प्रायमर आहे” असं लिहून, आणि प्रायमर स्मॉल का लार्ज, रायफल का पिस्तूल, कुठल्या कंपनीचा हेही.

धुण्याआधी वेगवेगळ्या कॅलिबरच्या केस निवडून घ्या. ९ एमएमची केस .४० मध्ये शिरते, .४० ची .४५ मध्ये, टंबलरमध्ये एकात एक अडकल्या की आतली धूतही नाही आणि निवडताना दिसतही नाही. .४५ एसीपीच्या केस लार्ज आणि स्मॉल दोन्ही प्रायमर खिशांच्या मिळतात, त्यांच्या दोन वेगळ्या बरण्या करा. ब्लॉकवर एक सवय लावून घ्या, पावडर नाही तोवर केसचं तोंड खाली, पावडर पडली की तोंड वर. पिस्तुलाच्या केसमध्ये जलद जळणारी पावडर इतकी थोडी लागते की दोन माप सहज मावतात आणि वरून काही जाणवत नाही, त्यामुळे बुलेट बसवायच्या आधी टॉर्च मारून पूर्ण ब्लॉकमधली पातळी एकदा बघायचीच.

प्रायमर आणि पावडर

ह्या दोघांना तुम्ही नवीन लेबल लावायचंच नाही, कंपनीच्या डब्यातच ठेवायचं, तेच लेबल. प्रायमर काचेच्या बरणीत किंवा डब्यात सुटे ओतून ठेवणं म्हणजे स्फोटक ठेवणं आहे, एक पेटला तर सगळे एकदम जातात, कंपनीचं खोकं त्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवतं ते ह्याच कारणाने. ट्रेमध्ये उरलेले त्याच दिवशी त्याच खोक्यात परत. स्मॉल पिस्तूल आणि स्मॉल रायफल प्रायमर व्यासाने सारखेच, त्यामुळे सुटा सापडलेला प्रायमर कशाचा आहे हे ओळखायचा प्रयत्न करू नका, वापरू नका. लार्जमध्ये रायफलचा जरा उंच असतो आणि पिस्तुलाच्या केसमध्ये बुडाच्या वर डोकावतो, ते तर आणखी धोक्याचं. कपाटात पिस्तूल वरच्या फळीवर, रायफल खालच्या, मध्ये जागा सोडून.

पावडरचं पूर्ण नाव वाचायची आणि लिहायची सवय पाहिजे, कंपनीसकट. आयएमआर ४३५० आणि एच ४३५० ह्या दोन वेगळ्या पावडरी आहेत, आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ सुद्धा, एकीचं माप दुसरीला चालत नाही. वहीत नुसतं “४३५०” दिसलं तर ती नोंद निरुपयोगी समजा. डबा उघडला की तारीख आणि लॉट नंबर एका पट्टीवर लिहून डब्याला लावा, कंपनीचं लेबल झाकलं जाऊ देऊ नका.

टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. हा नियम ह्या सगळ्या लेखातला सगळ्यात कडक आहे. हॉपरमध्ये जे ओतलंय त्याचा डबा हॉपरच्या शेजारी उभा राहणार, हेच हॉपरचं लेबल. काम संपलं की हॉपर त्याच डब्यात रिकामा, रात्रभर भरलेला ठेवायचा नाही, काही पावडरी हॉपरचं प्लास्टिकही खातात. हॉपरमध्ये पावडर आहे आणि शेजारी डबा नाही, तर ती पावडर कितीही “नक्की तीच असणार” वाटली तरी ती गेली, परत डब्यात नको, कारण अंदाज चुकला तर आख्खा डबा नासला. रिकाम्या डब्यावर लगेच फुली मारून फेकून द्या, त्यात दुसरी पावडर किंवा खिळेसुद्धा भरू नका. जुन्या पावडरला आंबूस-उग्र वास आला किंवा तांबूस धूळ दिसली तर ती बिघडलीय, तिथल्या नियमाप्रमाणे निकालात काढा.

जागा थंड, कोरडी, कुलपाची आणि पावडर-प्रायमर एकमेकांपासून लांब. रबरी सीलवाला लोखंडी काडतुसांचा डबा तयार काडतुसांना छान, पण पावडर आणि प्रायमरला नाही, आग लागली तर त्यात दाब कोंडतो. पावडरचा मूळ डबा दाब वाढला की उघडावा असाच बनवलेला असतो.

तयार काडतुसं

डब्याचं लेबल काडतुसं भरायला बसण्याआधी लिहा, नंतर नाही. काडतुसाचं नाव, बुलेटची कंपनी-प्रकार-वजन, पावडरचं पूर्ण नाव आणि माप, प्रायमर, केस आणि ती किती वेळा उडवलीय, एकूण लांबी, तारीख, आणि ज्या बंदुकीसाठी भरलीत तिचं नाव. शेवटचं बरेच जण गाळतात, पण एका रायफलमध्ये हळूहळू वर नेत जमवलेला लोड दुसऱ्या रायफलला जास्त होऊ शकतो. एक प्रत डब्यावर आणि एक डब्याच्या आत टाका, बाहेरची घासली जाते. चाचणीसाठी वेगवेगळ्या मापाची भरत असाल तर प्रत्येक मापाची वेगळी पिशवी आणि केसच्या बुडावर मार्करच्या वेगळ्या रंगाची रेघ. लेबल नसलेली काडतुसं सापडली तर ती उडवायची नाहीत, बुलेट पुलरने उघडून बुलेट वाचवायची, पावडर टाकायची.

लेबलसाठी लॅमिनेटेड टेपचं छोटं मशीन सगळ्यात टिकाऊ, लावायची जागा आधी अल्कोहोलने पुसून घ्या. थर्मल कागदाची छपाई काही महिन्यांत उडते, ती इथे नको. कार्डांवर पेन्सिल किंवा बॉलपेन, वरून पारदर्शक पट्टी.

कॅलिबर बदलताना

प्रेसला एक पाटी टांगा, काडतुसाचं नाव, प्रायमरचा आकार, पावडर. बदलायची वेळ आली की आधी जुन्याचं सगळं टेबलावरून हलवायचं, नवीन काही आणायच्या आधी: तयार काडतुसं डब्यात, उरलेले प्रायमर खोक्यात, हॉपर रिकामा आणि ब्रशने साफ, पावडरचा डबा कपाटात, केस कार्डासकट बरणीत, डाय आणि शेल होल्डर डब्यात. टेबलाखाली जमिनीवरही बघा, एखादी केस लोळत गेलेली असते. मग पाटी पुसा. पाटी कोरी आहे तोवर प्रेस कुणाचाच नाही आणि त्याच्यावर काही भरायचं नाही. मग नवीन डबा उघडा, कार्ड वाचा, शेल होल्डर, डाय, डमी, प्रायमर, पावडर असं लावत या, पहिली दहा मापं तराजूवर घाला, मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा, आणि ती जुळली की मगच पाटीवर नवीन नाव लिहा.